मुकेशला हसणारी पोरं

येत्या ३१ मेला तंबाखूविरोधी दिन. शपथा होतील, काळ्या फुप्फुसांचे फलक लागतील. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती शाळकरी पोरं तेव्हा सुट्टीत टपरीमागे एक सिगारेट चौघांत फिरवत असतील.

भीती घालायची आपली खोड जुनीच. भुसावळचा मुकेश गुटख्यापायी २००९ मध्ये गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याची जाहिरात थिएटरात पाहून मोठ्यांच्या अंगावर काटा आला; पोरांनी तिचे मीम केले. पोरं निर्दय नाहीत. सोळाव्या वर्षी मरण ही दुसऱ्याची गोष्ट असते.

फ्लोरिडाने १९९८ मध्ये हे ओळखलं. तंबाखू कंपन्यांशी झालेल्या कोर्टातल्या तडजोडीचा पैसा हाताशी होता, त्यातून मुलांनाच सोबत घेऊन ‘ट्रुथ’ मोहीम उभी राहिली. सिगारेट वाईट, हे पालुपद नाहीच; कंपन्या तुम्हाला मामा बनवताहेत, एवढाच मुद्दा. जाहिरातीत मुलं थेट कंपनीवाल्यांना फोन लावून नको ते प्रश्न विचारायची. मोहीम देशभर गेल्यावर न्यूयॉर्कला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या दारात १,२०० प्रेतपिशव्या रचल्या गेल्या, अमेरिकेत तंबाखूने रोज मरणाऱ्यांच्या हिशेबाने. फ्लोरिडात सहावी ते आठवीच्या मुलांमधलं धूम्रपान दोन वर्षांत १८.५ वरून ११.१ टक्क्यांवर आलं. श्रेय एकट्या जाहिरातींचं नसेल, शाळांतही काम चालू होतं. पण फिलिप मॉरिसनेही ‘सिगारेट ओढू नका’ अशी साळसूद मोहीम काढली होती, आणि ती पाहिलेल्या मुलांचा कल उलट सिगारेटकडेच जास्त दिसला! मला यात नवल वाटत नाही.

मात्र कंपनीचा राग आला म्हणून तलफ जात नाही. ज्याला लागलीय, त्याला बोलायला कुणीतरी हवं. अमेरिकेत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांना मोबाइलवर मेसेज पाठवण्याचा प्रयोग झाला. तलफ आली की मुलाने ठरलेला एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर येतं. समोर उपदेश करणारा काका नाही. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: सात महिन्यांनी मेसेजवाल्या गटातली ३७.८ टक्के मुलं व्हेपपासून दूर होती, दुसऱ्या गटातली २८ टक्के.

आपल्याकडेही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत क्विटलाइन आहे. तिचा नंबर छापलाय सिगारेटच्या पाकिटावर. आणि पोरं घेतात सुटी सिगारेट. पाकीट राहतं टपरीवाल्याकडे! तेव्हा यंदा फुप्फुसांची चित्रं राहू द्या. रीलमध्ये, शाळेच्या फळ्यावर, क्लासच्या जिन्यात एवढंच लिहा: १८००-११-२३५६.