ख्रिस्ती म्हणजे सगळे एकाच छपराखालचे?

इंग्रज आले आणि त्यांनी पाद्री आणले, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. खरं तर ईस्ट इंडिया कंपनीलाच मिशनरी नको होते. धर्मप्रसाराने रयत आणि फौज बिथरेल, ही तिची धास्ती. फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट अमेरिकन होते, आणि तेव्हा अमेरिका-इंग्लंड लढाई सुरू होती. सरकारने त्यांना चालतं व्हायला सांगितलं. ते नेटाने राहिले, म्हणून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं.

ख्रिस्ती सगळे एक, हाही समजच. गोव्यातलं पोर्तुगीज कॅथलिकांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, 1560 ला सुरू झालं आणि मधली चार वर्षं सोडता 1812 पर्यंत चाललं. त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेऊनही जुने रीतिरिवाज पाळणाऱ्यांवर होता. देशावर चित्र निराळं, तिथे प्रोटेस्टंट: सातारा-नगरकडे अमेरिकन मराठी मिशन, मिरज-कोल्हापूरला प्रेस्बिटेरियन. उत्तर भारतातल्या सहा प्रोटेस्टंट मंडळ्या 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाल्या. कॅथलिक आजही वेगळे.

तिसरा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो: बाप्तिस्मा घेतला की माणूस आपल्या मातीपासून तुटतो.  सातारा-पंढरपूर रस्त्याच्या दोन्ही टोकांना टिळक दांपत्याची कहाणी आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर फुटलं, पत्नी लक्ष्मीबाई पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी सोवळं, स्वयंपाक, पाणी सारं वेगळं. टिळकांनी बळजबरी केली नाही. जातिभेद माणसानेच केला, हे लक्ष्मीबाईंचं त्यांना पटलं, शिवाशीव सुटली आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

टिळक तर उघड सांगत, आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, भजन-कीर्तन उपासनेत आणलं. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही तिथे चाले. चर्चच्या चौकटीत वाढलेल्यांना हे पचणं सोपं नव्हतं. दोनच वर्षांत, 9 मे 1919 ला, टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.