पद्मिनीच्या मागच्या पाट्यांचे बुश घरच्या घरी

आजचा भाग जुन्या फियाट-पद्मिनीवाल्यांसाठी. पण मागे पाटे असलेली कुठलीही जुनी गाडी असेल, अगदी अँबॅसॅडरसुद्धा, तरी ऐका.

मी मारतहळ्ळीतून बोलतोय. इथे हंप किती आहेत ते बंगळुरूकरांना सांगायला नको. हंपवरून मागचं चाक उतरताना डिकीखालून 'टक्' आवाज आला की बहुतेक जण आधी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलतात. पैसे जातात, आवाज राहतो. कारण दोष बऱ्याचदा पाट्याच्या टोकाला बसवलेल्या रबरी बुशात असतो. गाडी उभी असताना पाट्याच्या टोकाजवळ लांब पहार घालून हलकं उचकटून बघा. रबराला भेगा, बोल्टभोवती मोकळी फट, किंवा टोक एका बाजूला टेकलेलं दिसलं तर बुश गेला. नुसता आवाज असता तर चाललं असतं, पण मागचा अ‍ॅक्सल जागेवर धरण्याचं काम हे पाटेच करतात. बुश संपला की वळणावर अ‍ॅक्सल किंचित सरकतो आणि गाडी मागून स्टिअरिंग केल्यासारखी वागते.

बुश म्हणजे काय? आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. आपले मिस्त्री त्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या बॉडीला जखडली जाते, बाहेरचं कडं पाट्यात घट्ट बसलेलं असतं. पाटा हलतो तेव्हा काहीही घासत नाही, फक्त रबर पिळतं आणि परत येतं. म्हणूनच त्याला ग्रीस लागत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

सामान बंगळुरूत जेसी रोडवर मिळेल, पुण्यात नाना पेठेत. जुना पडून राहिलेला माल घेताना रबरावर नख दाबून बघा. दगडासारखं लागलं तर ठेवून द्या. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण कडक असतात, रस्त्याची थरथर आत आणतात आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. साध्या वापराच्या पद्मिनीला मी रबरच घालीन.

आता काम. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. अपार्टमेंटच्या तळघरात काम करणार असाल तर खाली जाड पुठ्ठा अंथरा, नाहीतर तेलाच्या डागावरून असोसिएशनची मीटिंग बसेल. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागून गाडी उचला आणि बॉडीच्या मजबूत भागाखाली दोन स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. विटांवरही नाही, वीट एकदम फुटते. दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली लावून पाट्यावरचा ताण काढा. ब्रेकच्या रबरी नळीवर अ‍ॅक्सल लोंबकळू देऊ नका.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसऱ्या बाजूचा पाटा तोवर अ‍ॅक्सल धरून ठेवतो. शॉकचं खालचं टोक, यू बोल्ट, मागचं शॅकल, पुढचा बोल्ट, आणि पाटा खाली. सांभाळून, तो दिसतो त्यापेक्षा जड असतो.

जुना बुश काढणं हा खरा घाम काढणारा भाग. काही गॅरेजांत गॅस लावून जाळतात. तसं करू नका, धूर विषारी आणि तापल्याने पाट्याचं पाणी उतरतं. ड्रिलने रबर पोखरा, आतली नळी निघेल. मग हॅक्सॉचं पातं आत घालून बाहेरच्या कड्याला एक चीर पाडा, पाट्याला ओरखडा न येऊ देता. छिन्नीने चीर आत दुमडली की कडं सुटतं. नवा बुश बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्या. मापाचा सॉकेट आणि दणकट व्हाइस पुरतो. नसेल तर पाटा उचलून जवळच्या लेथवाल्याकडे न्या, प्रेसवर काही मिनिटांचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. शॅकलच्या रबरांना साबणाचं पाणी लावा. इंजिन ऑइल लावलं तर रबर फुगून सडतं.

पाटा परत चढवताना यू बोल्ट आवळून घ्या, पण टोकांचे बोल्ट आणि शॅकल हातानेच ठेवा. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, डिकी दोन-चार वेळा दाबून सोडा, आणि मग पूर्ण आवळा. गाडी हवेत असताना आवळलं तर रबर लोंबत्या स्थितीत जखडलं जातं. जमिनीवर आली की ते दिवसरात्र पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग लोक म्हणतात, माल डुप्लिकेट होता.

एक जाता जाता. पद्मिनी कुर्ल्यात बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. त्याआधी १९४० मध्ये त्यांनीच बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली होती. मारतहळ्ळीहून शहराकडे जाताना जुन्या विमानतळ रस्त्यावर लागतं ते एचएएल हेच.

तर, शंभरेक किलोमीटर चालवून यू बोल्ट पुन्हा तपासा, कारण नव्याने बसलेले पाटे थोडे दबतात. आणि लिहून ठेवलेली उंची परत मोजा. दोन्ही बाजूंत ठळक फरक दिसला तर बुश नाही, पाटाच बसला आहे. त्यासाठी पाटेवाल्याकडे जावं लागेल.