हिमावर घसरणारी मोटार

युरोप खंडाच्या उत्तरेस स्वीडन हा देश आहे. त्याच्या उत्तर भागात हिवाळा फार लांबतो. कित्येक महिने जमीन हिमाने झाकलेली असते. सरोवरे इतकी गोठतात की, त्यांवरून माणसे चालत जातात आणि जेथे बर्फ पुरेसा जाड असेल तेथे मोटारीही जातात. अशा प्रदेशात एखादे मोकळे, हिमाच्छादित मैदान दिसले की, तरुण चालकांना एक खेळ सुचतो. ते मोटारीला थोडा वेग देतात, सुकाणू एकदम वळवतात, आणि मग ती मोटार आडवी होऊन, हिमाचे फवारे उडवीत, भोवऱ्यासारखी गरकन फिरते. पाहणाऱ्यास मौज वाटते. परंतु मोटार ज्याच्या मालकीची असते, त्याच्या मनात एक शंका आल्यावाचून राहत नाही. या खेळाने मोटारीचे काही नुकसान तर होत नसेल ना?

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी मोटार रस्त्यावर कशाच्या आधाराने चालते, हे आधी पाहिले पाहिजे.

सुमारे हजार किलोग्रॅम वजनाची मोटार जमिनीला फक्त चार ठिकाणी टेकलेली असते, आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श साधारणपणे आपल्या तळहाताएवढा असतो. या चार लहानशा जागी टायरचे रबर आणि रस्ता यांच्यामध्ये जे घर्षण होते, त्याच्याच बळावर मोटार वेग घेते, वळते आणि थांबते. पावसाळ्यात नदीच्या घाटावरील शेवाळलेल्या पायरीवर पाऊल पडले की, आपण सावरू म्हटले तरी सावरता येत नाही. पायांतील शक्ती तीच असते, तोलही तोच असतो. परंतु पायरी पायाला धरून ठेवीत नाही. हिमावर मोटारीची नेमकी अशीच अवस्था होते. चालक सुकाणू फिरवतो, पुढची चाके वळतातही. पण त्यांना धरून ठेवणारे घर्षण अपुरे पडल्यामुळे मोटार आपल्या मूळ दिशेनेच सरकत राहते.

हा फरक किती मोठा आहे, ते गणिताने कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे ब्रेक कोरड्या डांबरी रस्त्यावर जोराने दाबले, तर ती सुमारे १५ मीटर अंतरात थांबते. दाबून घट्ट झालेल्या हिमावर तिला त्याच वेगातून थांबण्यास सुमारे ५० मीटर लागतात. गुळगुळीत बर्फावर तर हे अंतर १०० मीटरांपर्यंत जाते. हे आकडे ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जे घर्षण मोटारीला थांबवते, तेच तिच्या अवयवांवर ताणही आणते. कोरड्या रस्त्यावर मोटार जोराने वळविली किंवा आडवी सरकविली, तर रस्ता तिची चाके घट्ट धरून ठेवतो आणि तिचे वजन मात्र पुढे जाऊ पाहते. या ओढाताणीत टायर घासून निघतात, त्यांतून धूर येतो, आणि चाकांना सांगाड्याशी जोडणारे दांडे व सांधे यांवर मोठा भार पडतो. हिमावर ही ओढाताणच कमी असते. रस्त्याची पकड तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आल्यामुळे अवयवांवरील भारही त्याच प्रमाणात घटतो. थंड हिमावर रबर तापत नाही व फारसे झिजतही नाही. म्हणून हिमाच्या सपाट थरावर मोटार सावकाश घसरली, एकदोन गिरक्या घेऊन आपोआप थांबली, तर तिचे सहसा काहीही बिघडत नाही.

मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासातही याचा दाखला आहे. १९६५ सालच्या मॉंटे कार्लो रॅलीत वाटेवर अतिशय हिमवर्षाव झाला. स्पर्धेत उतरलेल्या बहुतेक मोटारी मध्येच मागे पडल्या. त्या वर्षी ती स्पर्धा फिनलंडच्या तिमो मॅकिनेन याने 'मिनी कूपर' या चिमुकल्या मोटारीतून जिंकली. हिमाने भरलेल्या डोंगरी वाटांवर, वळणावळणाला घसरत्या मोटारीवर ताबा ठेवीत त्याने ते लांबचे अंतर कापले. ती मोटार शर्यतीसाठी खास तयार केलेली होती, हे खरे. तरीही केवळ घसरण्यानेच मोटारीचा नाश होत असता, तर हे यश अशक्य होते.

मग हिमावर खेळून आलेल्या मोटारी दुरुस्तीसाठी का न्याव्या लागतात? याचे कारण असे की, घसरणे मोटारीला सोसते. घसरता घसरता एकदम अडणे तिला सोसत नाही.

हिमाचा थर सर्व काही सारखे करून टाकतो. त्याच्याखाली पदपथाची दगडी कड असते, एखादा धोंडा असतो, गोठून कठीण झालेला मातीचा उंचवटा असतो. वरून पाहणाऱ्याला सगळे पांढरे आणि मऊ दिसते. आडवी सरकणारी मोटार अशा कडेवर आदळली म्हणजे तिचा सारा वेग क्षणार्धात नाहीसा होतो आणि त्याचा संपूर्ण आघात एका चाकावर येतो. ताशी २० किलोमीटर हा वेग आपणांस क्षुल्लक वाटतो. परंतु त्या वेगाने आदळणाऱ्या मोटारीत जितकी ऊर्जा असते, तितकीच ऊर्जा सुमारे दीड मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या मोटारीत असते. वेग दुप्पट केला तर ही उंची चौपट होते. म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाची धडक ही दुमजली घराच्या उंचीवरून पडण्यासारखी आहे! अशा धडकेने चाकाची कड वाकते, दांडे दुमडतात, बेअरिंग फुटतात आणि चाकांची दिशा बिघडते. कित्येकदा बाहेरून काही दिसत नाही. पण पुढे मोटार सरळ रस्त्यावरही एका बाजूस ओढू लागते आणि तिचे टायर एकाच अंगाने झिजू लागतात.

अडण्याचा दुसरा प्रकार याहून फसवा आहे. समजा, चाके हिमावर जागच्या जागी गरगर फिरत आहेत आणि चालक इंजिनाला अधिकाधिक वेग देत आहे. इतक्यात मोटार थोडी सरकते आणि फिरते चाक कोरड्या डांबराच्या एखाद्या उघड्या पट्ट्यावर येते. रस्ता त्या चाकाला तत्काळ पकडतो. फिरणारे इंजिन आणि एकाएकी थांबू पाहणारे चाक यांच्यामध्ये असतात ते चाक फिरविणारे दांडे, सांधे आणि दंतचक्रे. त्यांना असा पीळ बसतो की, एखादा सांधा मोडतो किंवा दंतचक्राचा दात तुटतो. हॅंडब्रेक ओढून मागची चाके जखडलेली असताना मोटार अशा पट्ट्यावर आली, तर टायर एकाच जागी घासून चपटा होतो आणि मग धावताना धडधड असा आवाज करीत राहतो.

तिसरे नुकसान दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मोटार वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरता यावे म्हणून त्यांच्यामध्ये दंतचक्रांची एक जुळणी बसविलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिच्यातील लहान दंतचक्रांना नेहमीच्या वळणांवर अगदी हळू फिरावे लागते. परंतु एक चाक खडबडीत जमिनीवर स्थिर राहिले आणि दुसरे बर्फावर गरगर फिरू लागले, म्हणजे सगळी गती त्या एकाच चाकाकडे जाते. अशा वेळी वेगमापकाचा काटा ४० दाखवीत असेल, तर ते चाक प्रत्यक्षात ८० च्या गतीने फिरत असते! आतील लहान दंतचक्रेही मग अतिशय जलद फिरतात. क्षणभर असे झाले तर काही बिघडत नाही. पण चालक कित्येक मिनिटे हट्टाने चाक फिरवीत राहिला, तर वंगण अपुरे पडते, धातू तापतो आणि दंतचक्रांची झीज होते. हिमात रुतलेली मोटार बाहेर काढताना इंजिनाचा वेग वाढविण्यापेक्षा चाकांपुढील हिम फावड्याने बाजूला करणे व तेथे वाळू पसरणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

याशिवाय काही लहानसहान गोष्टी आहेत. कडाक्याच्या थंडीत इंजिनातील तेल घट्ट झालेले असते. ते सर्व भागांत नीट खेळण्यापूर्वीच इंजिन जोराने फिरविले, तर त्याची विनाकारण झीज होते. चाकांच्या आतील बाजूस हिम भरून गोठले, तर चाकांचा तोल जातो आणि वेग वाढताच मोटार थरथरू लागते. ते हिम खरवडून काढले की ही थरथर थांबते. ब्रेकमध्ये शिरलेले पाणी रात्री गोठले, तर ओढून ठेवलेला हॅंडब्रेक सकाळी सुटत नाही. म्हणून त्या देशांतील अनेक चालक सपाट जागी मोटार उभी करताना हॅंडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवतात.

येथवर आपण केवळ मोटारीचा विचार केला. मोटार वाकली तर ती पुन्हा सरळ करता येते. पण तिच्या वाटेत एखादा माणूस आला तर? आरंभीचे आकडे आता आठवा. कोरड्या रस्त्यावर १५ मीटरांत थांबणारी मोटार हिमावर ५० मीटर सरकत जाते, आणि ती आडवी होऊन सरकत असेल तर तिला वळवून बाजूला नेणेही चालकाच्या हाती राहत नाही. ज्या घर्षणाच्या अभावामुळे त्याला मौज वाटते, त्याच अभावामुळे तो ऐनवेळी असहाय होतो. म्हणून सार्वजनिक रस्ता, वस्तीतील चौक किंवा दुकानापुढील मोटारतळ ही या खेळाची जागा नव्हे. तेथे हिमाच्या ढिगाऱ्याआडून एखादे मूल आपली घसरगाडी ओढीत केव्हा पुढे येईल, याचा नेम नसतो.

मग हा अनुभव कोणी घेऊच नये काय? स्वीडनमध्ये या प्रश्नाचे उत्तर मोठ्या विचाराने दिलेले आहे. तेथे मोटार चालविण्याचा परवाना हवा असेल, तर निसरड्या पट्ट्यावरील शिक्षण घ्यावेच लागते. त्यासाठी खास मोकळी मैदाने आहेत. तेथे शिक्षकाच्या देखरेखीखाली उमेदवार मोटार चालवतो, ब्रेक दाबतो आणि मोटार आपल्या हातून कशी निसटते, ते स्वतः अनुभवतो. मागचा भाग घसरू लागला, तर ब्रेकवर उभे न राहता, मागचा भाग ज्या बाजूस जात असेल त्याच बाजूस सुकाणू वळवावे आणि जेथे जावयाचे आहे तेथे दृष्टी ठेवावी, हे तो शिकतो. परंतु या शिक्षणाचा मुख्य हेतू निराळाच आहे. ताबा किती थोडक्या वेगाला सुटतो, हे त्याला कळावे आणि त्याने पुढे वेगच कमी ठेवावा, अशी त्यामागची अपेक्षा असते. शेजारच्या नॉर्वे देशात घसरती मोटार सावरण्याच्या कौशल्यावर भर देण्यात आला, तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरील अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे १९८० नंतरच्या दशकातील अभ्यासात आढळून आले. कौशल्याबरोबर फाजील आत्मविश्वास आला, की कौशल्यही घातक ठरते.

स्वीडनच्या उत्तरेस, ध्रुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला, आर्जेप्लोग नावाचे एक लहानसे गाव आहे. दर हिवाळ्यात निरनिराळ्या देशांतील मोटारींचे कारखानदार आपल्या नव्या मोटारी तेथे आणतात आणि गोठलेल्या सरोवरांवर आखलेल्या पट्ट्यांवर त्यांची परीक्षा घेतात. अभियंते मोटार मुद्दाम घसरवतात, आणि ती कोणत्या क्षणी व किती घसरली याची यंत्रांनी नोंद करतात. अशा परीक्षांतूनच ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी योजना परिपूर्ण झाली. विद्युत्‌यंत्रांवर चालणारी ही योजना १९७८ साली मोटारींत बसविण्यात येऊ लागली. पुढे १९९५ साली, घसरू लागलेल्या मोटारीचे नेमके हवे ते चाक आपोआप रोखून तिला सरळ करणारी योजना आली. युरोपीय संघात २०१४ सालापासून सर्व नव्या मोटारींत ती सक्तीची आहे. आपल्याकडे हिम पडत नसेल. पण पहिल्या पावसात निसरड्या झालेल्या रस्त्यावर, जेथे जेथे मोटारीत या योजना असतात, तेथे त्या माणसांचे प्राण वाचवितात.

तात्पर्य, हिमावरच्या घसरण्याने मोटार सहसा बिघडत नाही. ती बिघडते दडलेल्या दगडाने, उघड्या डांबराने आणि चालकाच्या हट्टाने. मोकळी व पारखून घेतलेली जागा, मंद वेग आणि सोबत जाणता माणूस असेल, तर हाच खेळ उत्तम शिक्षण ठरतो. परंतु आपली मोटार कोठे थांबेल हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ती जेथे दुसरे कोणी येण्याचा संभव आहे, अशा ठिकाणी घसरवू नये.