खाटेजवळची शिकवणी

नाशिकला म्हसरूळजवळ दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झाले आणि राज्यभरातल्या नर्सिंगच्या पदव्या एका छत्राखाली आल्या. चंद्रपूरची मुलगी नाडी कशी मोजते, सावंतवाडीचा मुलगा रुग्णाशी कसा बोलतो, याचा निवाडा शेवटी आमच्या गावात होतो. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात नर्सिंगला काय शिकवायचे, हा प्रश्न नाशिकच्या माणसाने मांडणे रास्त आहे. माझी उमर वॉर्डात आणि वर्गात गेली. परिचारिका खाटेजवळ घडते, हे माझे मत तेव्हाही होते, आजही आहे.

जे.जे. रुग्णालयात १८९१ साली बाई काशीबाई गणपत परिचर्येच्या शिक्षणाला आल्या, तिथून आपल्याकडची परंपरा मोजतात. निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या मागे रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभारले आणि विधवा बायकांना परिचर्येच्या वाटेवर आणले. सोवळ्यातली बाई परक्या पुरुषाची जखम धुते, हे त्या काळी काय धाडस होते! त्यानंतरच्या कौन्सिल, कायदे, एएनएम, जीएनएम, पदव्या यांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो मी गाळते. फक्त नाइटिंगेलबाईंबद्दल एक सांगते, कारण दिवा तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे. त्या पक्क्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. सैनिक गोळीपेक्षा घाणीने जास्त मरतात, हे त्यांनी तक्ते काढून सरकारला पटवले, आणि लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीने पहिली स्त्री सभासद म्हणून त्यांनाच घेतले. तेव्हा आकड्यांचे आणि मायेचे वैर आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

माझा जीव मात्र बॅक केअरमध्ये. पडदा ओढायचा, रुग्णाला कुशीवर वळवायचे, कोमट पाण्याने पाठ पुसून कोरडी करायची. माकडहाड, खांद्याची पाती, कोपर, टाचा नीट बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर लाली गेली तर वेळ आहे, नाही गेली तर बेडसोअरची सुरुवात झाली. त्या जागी चोळायचे नाही, भार काढायचा. हे सगळे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असे, की पाठ आपल्याकडे असते, नजरेला नजर नसते, हात अंगावर फिरत असतो, तेव्हा माणूस बोलतो. सुरगाण्याकडची एक आजी जेवत नव्हती. चार्टवर सगळ्यांनी ‘भूक मंद’ लिहिले होते. एका दुसऱ्या वर्षाच्या मुलीने पाठ पुसताना विचारले, तेव्हा कळले की आजी आपले ताट व्हरांड्यात झोपणाऱ्या नातवासाठी ठेवत होती. त्या मुलीने ओव्हर देताना हे सांगितले, इंचार्ज सिस्टरने दुसऱ्या ताटाची सोय केली, आणि आजी जेवू लागली. ही माहिती कुठल्याही मॉनिटरवर उमटत नाही.

मुंबईच्या केईएममध्ये हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांना तिथल्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळले. पिढ्या बदलल्या, सेवा बदलली नाही. त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आले आणि २०११ च्या निकालात त्या परिचारिकांचा गौरव झाला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला पहिला धडा हाच हवा, असे मी वर्षानुवर्षे सांगत आले.

आता यंत्राकडे येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या अभ्यासक्रमाने सेमिस्टर आणले, स्किल लॅबला वजन दिले, आरोग्य माहितीशास्त्र हा विषय पहिल्याच वर्षी घातला. ते चांगलेच झाले. मॅनिकिनवर शंभरदा चुकावे, माणसावर चुकू नये. पण बेडसोअर कोणाला होईल, सेप्सिस कोणाला होतोय, याचे भाकीत करणारी सॉफ्टवेअर आली आहेत, त्यांच्याबद्दल मुलांना अर्धेच सांगितले जाते. अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या सेप्सिसच्या एका साधनाची २०२१ मध्ये मिशिगनला तपासणी झाली. त्याला सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण सापडलेच नाहीत, आणि दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर मात्र त्याने घंटा वाजवली. २०२० मध्ये तिथेच दिसले की पल्स ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजनची घट गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा लपवतो. आपली त्वचा सावळी. ओठ, नखे, छातीचे खालीवर होणे बघायला न शिकलेली मुलगी त्या आकड्यावर निजेल.

चर्चासत्रांतून एक मत हमखास ऐकू येते: कागदाचे काम यंत्र करील आणि सिस्टरला रुग्णाजवळ बसायला वेळ मिळेल. हे मांडणाऱ्यांनी रात्रपाळी केलेली नसते. वॉर्डात कॉम्प्युटर आला तेव्हा रजिस्टर गेले नाही, नोंदी दोनदा होऊ लागल्या. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हा निकष कागदावर जुना आहे. पदे भरली नाहीत तर वाचलेला वेळ आणखी खाटांत जाणार. दुसरे मत त्याहून चमकदार: यंत्र माणसापेक्षा सहृदय आहे. २०२३ च्या एका अभ्यासात १९५ प्रश्नांना डॉक्टरांनी आणि चॅटबॉटने दिलेली उत्तरे तज्ज्ञांना दाखवली, आणि चॅटबॉटची उत्तरे जास्त सहृदय ठरली. ठरू देत. ती लेखी उत्तरे होती. त्यात कोणाची ओली चादर बदलायची नव्हती.

यंत्र कुठे शोभते, ते मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेने दाखवले. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ही संस्था ‘एममित्र’मधून गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना फोनवर आरोग्याचे निरोप ऐकवते. काही बायका मध्येच ऐकणे सोडतात, आणि सगळ्यांना परत फोन करायला माणसे पुरत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक मिलिंद तांबे आणि सहकाऱ्यांनी अशी प्रणाली बनवली, की आज फोन कोणाला केला तर उपयोग होईल हे ती सुचवते. फोन मात्र आरोग्यसेविका करते. गळती जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाली. नाव यंत्राने काढावे, बोलावे माणसाने, ही विभागणी मला मनापासून पटते.

आमच्या वर्गांत मात्र उलटे चालले आहे. परवा एका विद्यार्थ्याचा केअर प्लॅन बघायला मिळाला. रुग्ण पेठ तालुक्यातला शेतकरी, आणि आहारात लिहिले होते ओट्स आणि सॅल्मन मासा. चॅटबॉटने दिले ते पोराने उतरवले. नागलीची भाकरी खाणाऱ्या त्या माणसाजवळ तो पाच मिनिटे बसला असता तर असे झाले नसते. आणि बसून बोलायचे तर भाषांतराचे यंत्रही पुरे पडत नाही. केंद्र सरकारची भाषांतराची ‘भाषिणी’ योजना राज्यघटनेच्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर उभी आहे. मालेगाव-बागलाणची अहिराणी त्या अनुसूचीत नाही, सुरगाणा-पेठची कोकणा बोलीही नाही. या बोली ऐकायला आपली मुलेच हवीत. हे ऐकणे शिकवायला पूर्वी ट्यूटर मुलांबरोबर वॉर्डात उभी राहायची. आता ती ऑफिसात बसून जर्नलवर सह्या करते, आणि त्या सह्यांतून करुणा शिकवली जात नाही.

म्हणून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझी मागणी अगदी साधी आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत पहिली पंधरा मिनिटे स्क्रीन बंद ठेवा, प्रकृती स्थिर असलेला रुग्ण निवडा. विद्यार्थ्याने हाताने नाडी मोजावी, पाठ बघावी, रुग्णाशी त्याला कळेल त्या बोलीत बोलावे. मग सॉफ्टवेअर उघडून त्याचे भाकीत वाचावे, ते कुठे पटते आणि कुठे नाही हे परीक्षकाला कारणासह सांगावे. निम्मे गुण याला द्या. हा लेख वाचणाऱ्या नर्सिंग शिक्षकांना मागणी पटली असेल, तर त्यांनी दिवाळीची सुट्टी संपताच म्हसरूळला तसे पत्र पाठवावे.