पिंपातला सम्राट

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणक-खेळातल्या बार्बारोसाच्या मोहिमेचा शेवटचा टप्पा सुरू होतो तेव्हा सम्राट मेलेला असतो. त्याचे प्रेत पिंपात भरून गाड्यावर चढवलेले असते आणि ते पिंप जेरुसलेमला, थेट डोम ऑफ द रॉकपर्यंत पोचवायचे, एवढेच खेळणाऱ्याचे काम.

ही कल्पना खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. पहिला फ्रेडरिक उर्फ बार्बारोसा मे ११८९ मध्ये रेगेन्सबुर्गहून तिसऱ्या धर्मयुद्धाला निघाला आणि १० जून ११९० रोजी, आजच्या तुर्कस्तानातल्या सालेफ नदीत बुडाला. त्याला जेरुसलेमात पुरायचे म्हणून प्रेत व्हिनेगरमध्ये मुरवले, पण ते काही टिकले नाही, अशी कथा आहे. मांस अँटिओकला पुरले, हाडे टायरला गेली म्हणतात. निम्मेअधिक सैन्य घरचा रस्ता धरून चालते झाले. उरलेल्यांना घेऊन मुलगा अक्रच्या वेढ्यात पोचला आणि जानेवारी ११९१ मध्ये तोही तिथेच वारला. पिंप जेरुसलेमला कधी पोचले नाही. खेळात मात्र ते पोचवल्याशिवाय मोहीम पुरी होत नाही.

ऐतिहासिक मोहिमेची सगळी गोची इथे आहे. टप्पा जिंकल्याशिवाय पुढचा उघडत नाही, हा खेळाचा नियम. आणि ज्यांच्या नावाने मोहीम मांडली ती माणसे तर हरलेली, बुडालेली, नाहीतर जाळली गेलेली. मग हरलेल्यांचा इतिहास जिंकायला कसा लावायचा?

खेळ १९९९ सालचा. अमेरिकेतल्या डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने तो केला, मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. आपल्याकडे तो पोचला बहुधा लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरच्या, हाताने नाव लिहिलेल्या सीडीतून. मालिकेतल्या पहिल्या खेळात ‘व्होलोलो’ करत शत्रूचा सैनिक आपल्यात ओढणाऱ्या धर्मोपदेशकाची नक्कल सायबर कॅफेतल्या एका पिढीला अजून येते. ब्रूस शेली हे या मालिकेच्या प्रमुख रचनाकारांपैकी. आधी सिड मायरबरोबर ‘सिव्हिलायझेशन’वर काम केलेले. संदर्भासाठी आम्ही ग्रंथालयातल्या मुलांच्या विभागात जात असू, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी यावर नाक मुरडावे. मला ते शहाणपणाचे वाटते. खेळणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असलेल्या चित्राला हात घालायचा, तर ते चित्र मुलांच्या पुस्तकातच सापडणार.

हा खेळ रिअल-टाइम, म्हणजे इथे कुणी आपल्या चालीची वाट पाहत नाही. गावकरी लाकूड तोडतो, मेंढरू कापतो, सोने खणतो. नवा गावकरी ५० अन्न मोजून २५ सेकंदांत तयार होतो. एका घरात पाचजणांची सोय. तुम्ही शेताकडे बघत असता तेव्हा तिकडे भिंत पडत असते. सुरुवातीच्या आवृत्तीत शेताचा कस संपला की ६० लाकडे देऊन ते हाताने पुन्हा मांडावे लागे. ऐन लढाईत हे विसरणारे उपाशी मरत. २००० साली ‘द कॉन्करर्स’ ही पुरवणी आली तेव्हा शेतांचे पैसे आगाऊ भरून ठेवायची सोय झाली.

या धबडग्यात गोष्ट सांगायची हे अवघड काम. त्यासाठी वापरलेले साधन म्हणजे ट्रिगर. एक अट आणि तिचा परिणाम: अमुक स्वार या चौकोनात आला की तमुक मजकूर दिसावा, गाव तुमच्या ताब्यात यावे, झाडीतून शत्रू उगवावा. नकाशे रचायचे हे साधन खेळाबरोबरच मिळे, त्यामुळे कोणीही उघडून बसावे. तिथे इतिहास फार कोरडा दिसतो. पिंप या जागी पोचले: विजय. जोन मेली: पराभव.

जोन ऑफ आर्कची मोहीम हे या साधनाचे सर्वांत चांगले काम. पहिल्या टप्प्यात गाव नाही, गावकरी नाहीत. मूठभर माणसे घेऊन जोनला वोकुलरहून शिनोंला न्यायचे. मेलेल्याच्या जागी नवा शिपाई येत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर आधी एक माणूस पुढे पाठवून कानोसा घ्यावा लागतो. फेब्रुवारी १४२९ मधला तिचा खरा प्रवासही असाच होता: पुरुषी वेश, थोडे सोबती, बर्गंडीच्या लोकांच्या मुलखातून अकरा दिवस. दुसऱ्या टप्प्यात ऑर्लेआँला रसद पोचवायची. तीही खरी गोष्ट. २९ एप्रिलला ती रसदेबरोबरच शहरात शिरली आणि ८ मेला वेढा उठला. वाटेत ला हीर भेटतो. रक्ताला चटावलेला हा सरदार खेळणाऱ्यांचा इतका लाडका झाला की त्याचे संवाद अजून पाठ म्हटले जातात. फ्रेंच पत्त्यांत बदामच्या गुलामावर त्याचेच नाव असते.

१७ जुलैला रँसमध्ये फ्रान्सच्या राजाचा राज्याभिषेक झाला. इथपर्यंत विजय आयतेच मिळाले. इतिहास आणि खेळ हातात हात घालून चालले. पाचवा टप्पा पॅरिसचा. ८ सप्टेंबर १४२९ च्या हल्ल्यात जोनच्या मांडीत बाण घुसला, राजाने माघारीचा हुकूम दिला. आता पॅरिस जिंकायचे तरी कसे? रचणाऱ्यांनी कामच बदलले. राजाकडून येणारी कुमक नावापुरतीच निघते, आणि मग तुम्हाला सांगण्यात येते की निर्वासितांना घेऊन काँपिएन्यला निघा. ते पोचले की तुम्ही जिंकलात. याच काँपिएन्यबाहेर २३ मे १४३० ला जोन पकडली गेली. मधले साडेआठ महिने एका नकाशात दुमडले आहेत, आणि पळ काढण्याला विजय म्हटले आहे. लबाडी आहे, पण इतकी चोख की तो टप्पा खेळताना माघारीचा कडवटपणा नीट कळतो.

टप्प्यामागून टप्पा जिला जपली, प्रसंगी शंभर शिपाई खर्ची घालून जिच्याभोवती कडे केले, ती पुढे दोन टप्प्यांच्या मधल्या निवेदनात जळून जाते. ३० मे १४३१, रूआँ. तुमचा हात तिथे पोचत नाही. सहाव्या टप्प्यात ती नाहीच. साल १४५३, ठिकाण कास्तियाँ. तोफखान्याचा प्रमुख जाँ ब्युरो तोफेच्या रूपातच सैन्यात दाखल होतो. खऱ्या लढाईतही त्याच्या तोफांनीच इंग्रजांचा निकाल लावला, त्यांचा सेनापती टॅलबट पडला. खेळताना चमत्कारिक वाटते ते असे की ‘जोन मेली’ ही अटच आता राहिलेली नसते, आणि तिला राखायला मागे ठेवायची माणसे मोकळी झालेली असतात.

स्पॅनिश सरदार एल सिदच्या मोहिमेचा शेवटही प्रेताभोवतीच. तो १०९९ मध्ये वारला. त्याचे कलेवर घोड्यावर बांधून लढाईत नेल्याची दंतकथा उचलून खेळ तुम्हाला व्हॅलेन्सिया लढवायला लावतो. प्रत्यक्षात बायको हिमेनाने ११०२ पर्यंत शहर धरले. या मोहिमेची निवेदिका तीच आहे, हे बरे केले.

सगळीकडे हे कसब नाही. शिकाऊ खेळाडूसाठीच्या, स्कॉट बंडखोर विल्यम वॉलेसच्या मोहिमेत शेवटचा धडा फाल्कर्कचा. तिथे इंग्रजांचा किल्ला पाडून तुम्ही जिंकता. खरा वॉलेस २२ जुलै १२९८ ला तिथेच हरला. हा सरळ इतिहासाला दिलेला धक्का. नवख्याला हरवून कसे चालेल, एवढाच विचार त्यामागे दिसतो.

भारतातल्या मोहिमा एन्सेम्बलच्या हातून झाल्या नाहीत. ती कंपनी २००९ मध्ये बंद पडली. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’त बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल आले. मराठे नाहीत. मराठे भेटतात ते २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये, ‘मराठा कॉन्फेडरसी’ या नावाने. तिथे लढाया रिअल-टाइम, पण मोहीम पाळीपाळीने, वर्षाला दोन खेळ्या, १७०० ते १७९९. ठरलेली गोष्ट नाही; तुम्ही न्याल तिकडे इतिहास जातो. मराठी पोरे साहजिकच दिल्लीकडे निघतात. सरदारांचा तो संघ पेशवाईत आकाराला आला, १७०० मध्ये त्याचा पत्ताही नव्हता, ही चूक सोडून देऊ. पण सुरुवातीचे साल पाहा. त्या वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला. सूत्रे त्यांच्या राणी ताराबाईंच्या हाती आली.

पुढची सात वर्षे मोकळ्या नकाशाच्या खेळाला पेलण्यासारखी नाहीत. तिथे प्रांत गमावणे म्हणजे मागे पडणे. ताराबाईंच्या किल्लेदारांनी तोरण्यासारखा अपवाद सोडता वेढे लांबवून, शेवटी बादशहाकडून रक्कम घेऊन किल्ले खाली केले, आणि छावणी पुढे सरकल्यावर त्यांतले बरेच परत घेतले. हे मांडायला जुन्या पद्धतीचा, ट्रिगर लावलेला नकाशाच हवा. किल्ला सोडला की सोने मिळावे. पाऊस लागला की मोगलांचे ओझ्याचे बैल चिखलात अडकावेत. मार्च १७०७ पर्यंत, म्हणजे अहमदनगरला बादशहा मरेपर्यंत, ताराबाई हाती लागल्या नाहीत तर विजय, मग त्या दिवशी हातात किल्ले किती का असेनात. नकाशे रचायचे साधन आजच्या आवृत्तीतही आहे. एखाद्या हौशी पोराने दिवाळीच्या सुट्टीत हे करायला हरकत नाही. फक्त मोगलांना हत्ती थोडे कमी द्यावेत.