वाळवणाची वाफ जाते कोठे?

कपडे वाळवणे हा व्याख्यानमालेत मांडण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका कोणी घेईल. आमच्याकडे ऊन फुकट आणि दोरी स्वस्त. तेव्हा या बाबतीत शास्त्राला विचारण्याची पाळी सहसा येत नाही. परंतु ज्या देशांत वर्षातील चार-पाच महिने ऊन दिसते पण लागत नाही, तेथे कपडे वाळवणे हे घरातील एक यंत्रकाम होऊन बसले आहे. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ते यंत्र आता पाट्या-वरवंट्याइतके परिचयाचे आहे. हे यंत्र जी गरम हवा बाहेर टाकते, ती घरातच सोडली तर काय बिघडले? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर देताना भौतिकशास्त्राचा एक सुंदर नियम, घराच्या भिंती आणि घरातील मुलांचे श्वास या तिन्हींचा विचार करावा लागतो.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा प्रांतातील जे. रॉस मूर यांच्या खटपटीतून सिद्ध झालेले स्वयंचलित यंत्र विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने 1938 साली बाजारात आणले. त्याचे नाव मोठे बोलके होते, ‘जून डे’, म्हणजे जून महिन्यातला दिवस. आपल्याला जून म्हटले की छत्री आठवते. त्यांना स्वच्छ ऊन आठवते! यंत्राची रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. एक मोठे पिंप आडवे फिरते, त्यात कपडे उलटेपालटे होतात. विजेच्या तारांवरून तापलेली हवा त्यांच्यामधून जाते, पाणी शोषून घेते आणि पंख्याच्या जोराने मागील चार इंच व्यासाच्या नळ्यातून बाहेर पडते. हा नळा भिंतीतून घराबाहेर काढावा, अशी योजना असते.

आता काटकसरी गृहस्थाच्या बाजूने विचार करू, कारण तो मूर्ख नव्हे. हे यंत्र मिनिटाला सुमारे 180 घनफूट हवा बाहेर फेकते. पाऊण तासात ही हवा 8,000 घनफुटांच्या घरात जाते. एक हजार चौरस फुटांचे, आठ फूट उंचीचे घर घेतले तर त्यातील सगळी हवा एकदा बाहेर गेली असा याचा अर्थ. तिच्या जागी फटींतून बाहेरची गोठलेली हवा आत येते. बाहेर 0 अंश आणि आत 20 अंश असतील, तर ती हवा पुन्हा तापवायला सुमारे दीड युनिट इतकी उष्णता लागते. शिवाय यंत्राने स्वतः जाळलेली वीज वेगळीच. बाहेर बर्फ पडत असताना हे सारे धन भिंतीच्या भोकातून उधळले जावे, हे कोणत्याही संसारी माणसाला खुपणारच. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत उष्णता घरातच वळविणाऱ्या झडपांच्या पेट्या खपू लागल्या, त्या याच विचाराने. आजही तशा वस्तू दुकानांतून मिळतात.

परंतु या हिशेबात एक रक्कम धरायची राहून गेली आहे. चार किलो कोरड्या वजनाचे कपडे धुलाईयंत्राने गरगर फिरवून पिळले, तरी त्यांत त्यांच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी राहते. आपण 60 टक्के धरू; म्हणजे 2 किलो 400 ग्रॅम पाणी. एक ग्रॅम पाणी 20 अंशांपासून उकळीपर्यंत आणायला 80 कॅलरी पुरतात. पण तेच एक ग्रॅम पाणी साध्या 30 अंशांवर नुसते वाफ होऊन उडायला सुमारे 580 कॅलरी घेते. ही उष्णता तापमान वाढवीत नाही, हाताला लागत नाही. ती वाफेच्या पोटात लपून बसते. म्हणूनच शास्त्रज्ञ तिला सुप्त उष्णता म्हणतात. आपल्या खेपेचा हिशेब केला तर यंत्राने जाळलेल्या सुमारे अडीच युनिटांपैकी 1.6 युनिटे, म्हणजे तीन हिश्श्यांपैकी जवळजवळ दोन, वाफेत दडलेली असतात. नळा घरात सोडून जी ऊब लगेच अंगाला लागते, ती फक्त उरलेल्या एका हिश्श्याची.

मग दडलेली उष्णता परत मिळतच नाही काय? मिळते. पण ती मिळण्याची एकच अट आहे: वाफेने पुन्हा पाणी झाले पाहिजे. आणि हे पाणी कोठे व्हायचे ते आपण ठरवीत नाही. ते खिडकीच्या काचेवर होते, कपाटामागच्या थंड भिंतीवर होते, लाकडी चौकटीच्या सांध्यात होते. उष्णता ठेवून घ्यावी आणि पाण्याला मात्र निरोप द्यावा, असा सौदा साध्या नळ्याशी करता येत नाही. या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. बाकीचे त्याचे परिणाम आहेत.

घरातील हवा किती वाफ पेलू शकते, हेही मोजता येते. 20 अंशांवर एक घनमीटर हवेत फार तर 17.3 ग्रॅम वाफ मावते. वर धरलेल्या घराची हवा सुमारे 226 घनमीटर. तेव्हा सगळ्या घरात मिळून 3 किलो 900 ग्रॅमच्या आसपास वाफ मावेल. सापेक्ष आर्द्रता 40 टक्के असेल तर यांतील दीड किलोहून अधिक जागा आधीच भरलेली असते. उरली सुमारे 2 किलो 350 ग्रॅम. आणि आपली खेप 2 किलो 400 ग्रॅमची! म्हणजे कपड्यांची एकच खेप बंद घराला, निदान कागदावर, काठोकाठ भरून टाकते. प्रत्यक्षात घर इतके बंद नसते. फटींतून हवा जाते-येते. जुन्या, वारा शिरणाऱ्या घरांत ज्यांनी वर्षानुवर्षे नळा आतच सोडला आणि काही झाले नाही असे जे सांगतात, त्यांना खोटे ठरविण्याचे कारण नाही. त्यांच्या फटींनी त्यांना तारले. नवी घरे मात्र उष्णता राखण्यासाठी मुद्दाम घट्ट बांधलेली असतात, आणि तेथे तो जुना अनुभव लागू पडत नाही.

दवबिंदूचे गणित तर याहून निष्ठुर आहे. 20 अंशांच्या हवेत आर्द्रता 40 टक्के असताना दव धरायला पृष्ठभाग सुमारे 6 अंशांपर्यंत थंड असावा लागतो. आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की 14 अंशही पुरतात. बाहेरच्या भिंतीचा कोपरा, पलंगामागची जागा, धुलाईयंत्राची कोंदट खोली ही हिवाळ्यात सहज इतकी गार असतात. काचेला घाम फुटला तर तो दिसतो आणि पुसता येतो. भिंतीच्या आत, जिप्समच्या पुठ्ठ्यामागे आणि लाकडाच्या पोटात जे पाणी होते ते दिसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला असा, की घरातील आर्द्रता 60 टक्क्यांखाली, शक्यतो 30 ते 50 टक्क्यांत असावी, आणि भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत कोरडी करावी. नाहीतर बुरशी मूळ धरते. आठवड्यातून चार वेळा खेप लावणाऱ्या घरात ती कोपऱ्यातली भिंत कोरडी व्हायची केव्हा? बुरशीचे बीजकण आणि दमट हवेत माजणारे धुळीतले सूक्ष्म किडे हे दम्याच्या रोग्यास, विशेषतः लहान मुलांस, खरोखरीच जाचक होतात. वाचवलेली युनिटे एका पारड्यात आणि मुलाच्या रात्रीच्या खोकल्याच्या उबळी दुसऱ्यात, असा हा व्यवहार आहे.

यावर एक चांगला आक्षेप येतो. हिवाळ्यात त्या घरांतील हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकातून रक्त येते. मग थोडी वाफ घरात आली तर ती औषधच नव्हे काय? आक्षेप खरा आहे, पण मात्रा चुकते. वरच्या घराची आर्द्रता 25 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर न्यायला अर्धा किलोपेक्षा थोडे अधिक पाणी पुरते. यंत्र त्याच्या चौपट पाणी पाऊण तासात, तेही एकाच खोलीत ओतते. शिवाय त्या वाफेबरोबर सुगंधी साबणाचे आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यांचे अंशही येतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा नळ्यांतून निघणाऱ्या हवेत पंचवीसहून अधिक उडनशील रसायने आढळली होती. आणि वाफ नकोशी झाली म्हणून खिडकी उघडावी, तर वाचवलेली ऊब त्याच खिडकीतून निघून जाते.

बाजारात मिळणारी पाण्याची बादली हा यावरचा तोडगा म्हणून दाखविला जातो. नळ्याचे तोंड या बादलीवर बसवतात, गरम हवा तळच्या पाण्यावर आपटते आणि जाळीतून खोलीत येते. हे पाणी कपड्यांपासून सुटलेली लव बऱ्यापैकी पकडते. वाफ मात्र पकडत नाही. कसे पकडणार? पाहता पाहता ते स्वतःच कोमट होते. काही लोक नळ्याच्या तोंडाला पातळ मोजा बांधतात. तो लवेने भरला की हवेची वाट अडते, यंत्र अधिक तापते, आणि ही लव म्हणजे कापूसच, ठिणगीची वाट पाहणारा! अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या वर्षांचा जो अंदाज दिला, त्यात अशा यंत्रांपासून निवासी इमारतींत वर्षाला सुमारे 2,900 आगी, 5 मृत्यू आणि 100 जखमी अशी नोंद आहे. साफसफाई न करणे हे त्यांतील सर्वांत मोठे कारण, आणि जानेवारी हा सर्वांत वाईट महिना. म्हणूनच तेथील निवासी इमारतसंहिता नळा बाहेर काढण्यास सांगते, तो धातूचा व आतून गुळगुळीत असावा, साधारणपणे 35 फुटांहून लांब नसावा, असे बजावते, आणि बाहेरच्या तोंडाला जाळी लावण्यास मनाई करते.

येथे एक इशारा स्पष्ट शब्दांत द्यायला हवा. वरील सारी चर्चा विजेच्या यंत्राची आहे. तशीच दिसणारी गॅसची यंत्रेही तेथे घरोघर असतात. त्यांच्या हवेत जळण्याचे अवशेष असतात, आणि त्यांत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेत माणूस मारतो. गॅसच्या यंत्राचा नळा घरात सोडण्याचा विचारही करू नये. भाड्याच्या घरात आपले यंत्र कोणते हे ओळखण्याची खूण सोपी आहे: मागे गॅसची नळी आहे काय ते पाहावे. अमेरिकेत विजेच्या यंत्राला बहुधा 240 व्होल्टचा जाडजूड प्लग असतो, गॅसच्या यंत्राला नेहमीचा साधा.

मग भिंतीला भोक पाडणे शक्यच नसेल त्याने काय करावे? त्याच्यासाठी वाफेचे पाणी स्वतःच्या पोटात करणारी यंत्रे आहेत, आणि संहितेनेही त्यांना नळ्याच्या सक्तीतून वगळले आहे. ती हवा थंड करून पाणी टाकीत किंवा मोरीच्या नळीत सोडतात. सुप्त उष्णता घरातच राहते आणि पाणी निघून जाते. जो सौदा साध्या नळ्याशी जमत नव्हता तो येथे जमतो. त्यांतील उष्णतापंपाचा प्रकार तर तीच उष्णता पुन्हा कपड्यांकडे वळवतो आणि साध्या यंत्राच्या सुमारे निम्म्या विजेत काम करतो. यंत्र महाग असते, वेळही अधिक घेते. तरीही 2012 पासून स्वित्झर्लंडने नव्या विक्रीत काटकसरीच्या याच वर्गाला वाव ठेवला.

अशी यंत्रे आता मुंबई-पुण्यातही येत आहेत, आणि येथे गणित निराळे पडते. जुलैमध्ये 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत फक्त 4 ग्रॅमच जागा शिल्लक असते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच बंद खोलीत ती जेमतेम 140 ग्रॅम भरते. एका ओल्या टॉवेलाला ती पुरत नाही. आमच्या चाळीतल्या गृहिणी छताच्या दांडीवर कपडे टाकून दार-खिडकी उघडी ठेवीत आणि पंखा लावीत, ते बरोबरच होते. हवा दमट असली तरी ती हलती राहते आणि वाफ एका जागी साचत नाही. बंद खोलीत नळ्याचे यंत्र लावले की पावसाळ्यातल्या चपलांवर आणि ट्रंकेतल्या रेशमी लुगड्यांवर चढणारी पांढरी बुरशी लवकर चढते. तेव्हा यंत्र येथे घ्यायचेच असेल तर ते गॅलरीत, नळ्याचे तोंड बाहेर करून ठेवावे. आणि त्याआधी कपडे धुलाईयंत्रात आणखी पाच मिनिटे जोराने फिरवून घ्यावेत, कारण पाणी गरगर फिरवून काढायला जी वीज लागते, ती तेच पाणी वाफ करून काढण्याच्या विजेच्या मानाने अगदी किरकोळ असते.