अण्णांच्या बुलेटचा दिवा

सांगली जिल्ह्यातील एका गावात, जुन्या घराच्या पडवीत १९६९ सालची एक बुलेट नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. घरातील कर्ते पुरुष, सर्वांचे अण्णा, निवर्तल्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. धाकट्या मुलाने गेल्या वर्षी ती बाहेर काढली. इंजिन उघडून नीट करून घेतले, चाके नवी बांधली, सांगाड्याला पावडर कोटिंग केले. गाडी सुरू झाली तेव्हा सारे घर अंगणात जमले.

परंतु पहिल्याच संध्याकाळच्या फेरीत उणीव उघड झाली. पुढचा दिवा समईच्या वातीएवढा मिणमिणत होता. हॉर्न मुका होता. समोरून ट्रक आला म्हणून मुलाने डिपर दाबला, तर दिवा क्षणभर पूर्ण विझला. आणि त्याच क्षणी पुढे, मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली होती. गाडी कशीबशी थांबली. तो ती ढकलत घरी आला.

आई एवढेच म्हणाली, “अरे, इंजिन चाललं म्हणजे गाडी झाली असं नसतं. अण्णा अंधारात निघण्याआधी रोज मागच्या दिव्यापुढे तळहात धरून बघायचे. हात लाल दिसला, तरच किक मारायचे.”

गळीत हंगामात त्या भागातील रस्ते रात्रभर उसाच्या वाहनांनी भरलेले असतात. अशा रस्त्यावर दिवा ही शोभेची वस्तू नव्हे. जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणणारी मंडळी बहुधा इंजिन, रंग आणि क्रोमचा मुलामा यांवर पैसा खर्च करतात. वायरिंगची पाळी शेवटी येते, आणि तीही घाईत.

तोडून टाकायचे की तपासायचे?

शहरातील एका दुकानात सल्ला मिळाला, की सगळे वायरिंग तोडून टाका, हँडलवर नवे प्लॅस्टिकचे स्विच बसवा, मोकळे व्हा. सल्ला मोह पाडणारा होता. परंतु हँडलवरील त्या धातूच्या डिपरची कड अण्णांच्या अंगठ्याने झिजलेली होती. शिवाय मूळ स्वरूपाला व्यावहारिक महत्त्वही आहे. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. त्या नोंदणीसाठी वाहन मूळ रूपात राखलेले असावे लागते.

अखेर गावातील एक निवृत्त वायरमन, ज्यांना सारे काका म्हणतात, पडवीत येऊन बसले. त्यांनी प्रथम बॅटरीची जोडणी सोडवली आणि कागद-पेन्सिल मागितली. प्रत्येक तार कोठून निघते व कोठे जाते, याचा नकाशा काढल्याशिवाय एकही तार कापायची नाही, ही त्यांची अट होती. जुन्या गाडीत तारांच्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. उन्हाने रंग उडालेले असतात आणि पूर्वीच्या दुरुस्तीत हाताला लागेल त्या रंगाची तार जोडलेली असते.

दुसरी गोष्ट त्यांनी पाहिली ती बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडलेले आहे ही. त्या काळच्या अनेक ब्रिटिश मोटारसायकलींत धन टोक सांगाड्याला जोडण्याची रीत होती. आज बहुतेक वाहनांत ऋण टोक जोडतात. इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डची बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली, तेव्हा तिच्याबरोबर तिकडची घडणही आली. म्हणून अंदाजाने बॅटरी जोडणे धोक्याचे.

परतीची वाट

बॅटरीतून निघालेली वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते हे सर्वांना ठाऊक असते. ती परत बॅटरीत आली पाहिजे, याचा मात्र विसर पडतो. मोटारसायकलीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा. मेकॅनिकच्या भाषेत ‘अर्थ’. मुलाने हौसेने केलेल्या पावडर कोटिंगने नेमकी हीच वाट अडवली होती. रंगाचा तो जाड थर विजेला जाऊ देत नाही. हॉर्नचे बटण हँडलच्या धातूमधून अर्थ घेत होते. पण हँडल जिथे आवळले होते तिथेही नवा रंग होता. हॉर्न मुका होण्याचे कारण तेच.

६ व्होल्टच्या जुन्या गाडीत असा अडथळा अधिक बाधतो. ३० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर अडीच अँपिअर प्रवाह घेतो, तर ६ व्होल्टवर ५ अँपिअर. सांध्यात एक दशांश ओहमचा क्षुल्लक अडथळा असला, तरी ६ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. प्रकाश व्होल्टेजपेक्षा पुष्कळ वेगाने घटतो. या अर्ध्या व्होल्टाने तो सुमारे पाव हिस्सा कमी होतो. असे दोन-तीन सांधे गंजले की समईची वातच उरते.

हा अडथळा शोधण्याची काकांची पद्धत कोणालाही जमण्यासारखी आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून, इंजिन बंद ठेवून, दिवा लावायचा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकावर आणि दुसरी दिव्याच्या धातूच्या अंगावर टेकवायची. काटा शून्याजवळ राहिला तर परतीची वाट मोकळी. इथे जवळपास एक व्होल्ट दिसला. बोल्टखालचा रंग चकाकता धातू दिसेपर्यंत खरवडला, आणि बॅटरीपासून हेडलाइटच्या खोळीपर्यंत अर्थची एक स्वतंत्र तार टाकली. दिवा तिथल्या तिथे उजळला.

स्विचच्या पोटात

डिपरला तीन तारा असतात: एक वीज आणणारी, एक अपरकडे व एक डिपरकडे नेणारी. स्विच पांढऱ्या कापडावर उघडला, कारण आतील बारीक स्प्रिंग उडून हरवली तर तशी दुसरी मिळणे कठीण. आत पितळी टोकांवर हिरवा गंज चढला होता. बारीक पॉलिश पेपरने टोके हलकेच घासली, पेट्रोलने पुसून वाळवली, स्प्रिंग किंचित ताणली आणि पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात दिला. बाद ठरवलेला स्विच अर्ध्या तासात कामाचा झाला.

त्यानंतर काकांनी हँडल डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिले. मानेजवळ तार रोज शेकडो वेळा वाकते. वरचे आवरण शाबूत राहते, पण आतील तांबे तुटत जाते. तेथील तारा बदलल्या, सांध्यांना डाख दिला, वर स्लीव्ह चढवली आणि हँडल पूर्ण वळेल इतकी सैल लांबी सोडली. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज बसवला. तारेचे आवरण सोलले जाऊन ती सांगाड्याला टेकली, तर फ्यूज वितळतो. फ्यूज नसेल तर तार पेटते, आणि वर पेट्रोलची टाकी असते.

न दिसणारा दिवा

मागच्या दिव्याचे काम सर्वांत शेवटी राहिले. पुढचा दिवा विझला तर चालकाला तत्काळ कळते. मागचा विझला तर ते फक्त मागून येणाऱ्याला कळते, तेही कधी कधी उशिरा. सीटखाली दोन तारा नुसत्या पीळ देऊन चिकटपट्टीत गुंडाळलेल्या होत्या. मडगार्डच्या हादऱ्यांनी तो पीळ सैल झाला होता. तिथेही डाख दिला, आणि दिव्याला अर्थची वेगळी तार दिली.

या साऱ्या कामाला चार रविवार लागले. नवे सामान म्हटले तर काही मीटर तार, एक फ्यूज आणि दोन बल्ब. बदलले थोडे, बहुतेक होते तेच स्वच्छ केले.

पाचव्या रविवारी सायंकाळी मुलगा शेतावर निघाला. स्विच लावून तो गाडीच्या मागे गेला, वाकला आणि लाल काचेपुढे तळहात धरला. आई पडवीच्या पायरीवर उभी होती.

“दिसतंय का रे?” तिने विचारले.

“दिसतंय, आई,” तो म्हणाला, आणि त्याने किक मारली.